दंडुक्याच्या मेसेजला तालमीतून उत्तर

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. तिघंही भली माणसं. त्यातला एक तर सप्टेंबर 2020 मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्व्हेला माझ्याबरोबर ऑक्सिमीटर घेऊन जिने चढलाय. म्हणून जरा जास्त लागलं.

मेसेज थोडक्यात असा: "कोरोनात सगळ्यांनी बघितलं. बाहेरचे कामगार संकट येताच पळाले. एका समाजानं रोग पसरवला, मदतीला मात्र कुणी आलं नाही. सर्व्हे, लस, बैठक, कशालाच ही माणसं पुढं आली नाहीत. समाजासमाजाचे पुढारी गोळा केले की फूट पडते. पुढच्या साथीला लोकसहभागाची नाटकं नकोत. 1897 ला इंग्रजांनी दंडुका काढला, प्लेग गेला. तेच करा."

खाली अंगठ्यांची रांग. ग्रुपवर वाद नको म्हणून गप्प बसलो, इथं लिहितो.

मेसेज शेपटाकडून धरतो, कारण सगळा जोर त्या 1897 वर आहे. पुण्यात त्या वर्षी प्लेगचा अधिकारी रँड याच्या हाताखाली सोजीर घरात घुसले. देवघरापर्यंत बूट, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान बाहेर काढून जाळणं. लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला, मयत गुपचूप उरकलं, पथक येतंय म्हटल्यावर शहर सोडलं. रोग जिथं दिसायला पाहिजे तिथून तो दिसेनासा झाला, एवढंच दंडुक्यानं साधलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो आणि छाती फुगवून शिकलो. तोच रँड आता आदर्श म्हणून फॉरवर्ड करायचा?

आणि प्लेग 'गेला' म्हणे! त्यानंतर वीसेक वर्षं तो येत-जात राहिला, देशात मेलेल्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. त्याच 1897 मध्ये, त्याच पुण्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. 10 मार्चला. मेसेज लिहिणाऱ्याला त्या वर्षातला फक्त दंडुका आठवला.

शिवाय कोरोनात दंडुका नव्हता असं कोण म्हणतंय? लावलेला साथरोग कायदा 1897 चाच होता. दूध आणायला गेलेल्या माणसांनी चौकात उठाबशा काढल्यात.

आता 'पळाले'. 24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या थंड पडल्या. बिहार-ओडिशाचा मोल्डिंगवाला रोजावर जगतो, रेशनकार्ड गावाकडं. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य द्यायची केंद्राची घोषणा आली 14 मेला. श्रमिक रेल्वे सुरू झाल्या 1 मेपासून. म्हणजे धान्याच्या आधी गाडी आली. तुम्ही काय केलं असतं?

ऊसतोडवाले तर बीडचे, मराठीच. हंगाम संपत आला होता, फडातच अडकले. त्यांना घरी जाऊ द्यायचा निर्णय झाला 17 एप्रिलला. तेही पळालेच का?

खरं तर हा मुद्दा आपण काढूच नये. त्याच दिवसांत आपल्याच गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, काही ठिकाणी जेसीबीनं रस्त्यात चर मारले. कुणाला अडवायला? मुंबई-पुण्याहून येणाऱ्या सख्ख्या भावांना. माझा चुलतभाऊ चौदा दिवस गावच्या शाळेत झोपला आणि त्याच्या आईला डबा कुंपणाच्या तारेवरून द्यावा लागला. 'बाहेरचा' कोण हे साथीत एका रात्रीत बदलतं.

कोल्हापूरला हे नवीन नाही. 1943 ते 48 वळिवड्याला पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका-पोरं. त्यांना नुसत्या बराकी दिल्या नाहीत. शाळा त्यांच्या, चर्च त्यांचं, छावणीचा रोजचा कारभारही बराचसा त्यांनीच चालवला. ते गेल्यावर तिथंच फाळणीत उखडलेले सिंधी आले, त्याचं आज गांधीनगर झालंय. लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जाताना कुणी 'बाहेरच्यांकडं चाललोय' म्हणत नाही.

'एका समाजानं पसरवला' याला फार शब्द खर्चणार नाही. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या तबलिगी जमातच्या मेळाव्याच्या प्रकरणात परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं 21 ऑगस्ट 2020 ला रद्द केले आणि साथीत बळीचा बकरा शोधला जातो, या अर्थाचे ताशेरे ओढले. 'मदतीला कुणी आलं नाही' म्हणणाऱ्यानं इचलकरंजीला जाऊन यावं. तिथल्या मुस्लिम समाजानं रमजानमध्ये काढलेले 36 लाख रुपये आयजीएम रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला दिले. ईदच्या दिवशी, मे 2020 मध्ये, मुख्यमंत्र्यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. त्या खाटांवर झोपलेल्यांची जात-धर्म कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

'लसीला, बैठकीला आले नाहीत.' हा एकच मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून यावर थांबतो.

1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्यांना लस खुली झाली, पण ऑनलाइन नोंदणीशिवाय नाही. कोविन पोर्टल तेव्हा इंग्रजीत. मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड वगैरे भाषा आल्या जूनमध्ये. एका मोबाईलवर चारच नावं. स्लॉट उघडायचे आणि चहा ओतेपर्यंत संपायचे. आमच्या पेठेतली इंजिनिअर पोरं लॅपटॉप घेऊन बसायची तरी नंबर लागायचा नाही. कारागिरानं काय करायचं?

गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात एका माडीवर बंगाली कारागीर राहतात. तिथंच सोनं घडवायचं, तिथंच झोपायचं. जून संपता संपता आम्ही चौघं लसीचं सांगायला तिथं गेलो. दार बंद, आत खुडबुड. आमच्यातला एक म्हणाला, "बघ, लपलेत." दहा मिनिटांनी एका पोरानं बोटभर फट करून विचारलं, "रूम खाली करना है?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गळ्यात कार्ड, हातात वही, तोंडाला मास्क घातलेली चार माणसं दारात आली की त्यांना एकच अर्थ माहीत होता. महिनाभर आमची रिक्षा खालून भोंगा वाजवत जात होती, अस्सल मराठीत: "पात्र नागरिकांनी लाभ घ्यावा." त्यातलं 'पात्र' म्हणजे भांडं की काय, असं त्या पोरानं नंतर हसत विचारलं. प्रश्न बरोबर होता. 'पात्र नागरिक' हे मराठी माणसालाही घरी कुणी म्हणत नाही.

त्याच पोरानं बंगालीत दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज केला. तोवर नोंदणीशिवाय थेट केंद्रावर जाता येत होतं. शेठना सांगून दोन तासांची सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी चौदा जण रांगेत उभे. आम्ही फक्त पुढं चालत होतो.

बैठकांचंही तसंच. बुधवारी सकाळी अकराला बैठक ठेवायची आणि रोजंदारीवाले आले नाहीत म्हणायचं! आणि भाषेचंही तेच. लसीच्या केंद्रावर एक कन्नड बोलणारी आज्जी घाबरून दोनदा परत गेली होती. गडहिंग्लजकडची एक नर्स तिच्याशी कन्नडमध्ये चार वाक्यं बोलली आणि आज्जीनं पदर खांद्यावरून सरकवला.

'समाजाचे पुढारी गोळा केले की फूट पडते.' हे कोल्हापुरात बसून लिहिलं असेल तर कमाल आहे. 1901 ला मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग: शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाला त्याच्याच माणसांच्या हातानं शाळेपर्यंत आणलं. फूट पडायची तर शंभर वर्षांपूर्वीच पडली असती. आणि तालमींचं काय? एकाच तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही. 2020 ला तर दोन्ही पाठोपाठ आले, चतुर्थी 22 ऑगस्टला आणि मोहरमचा दहावा दिवस 30 ला. मंडळाची मूर्ती चार फुटांच्या आत ठेवायचा नियम होता. आमच्याकडं दोन्हीकडची म्हातारी माणसं एका बाकावर बसली आणि मिरवणूक नाही हे अर्ध्या तासात ठरलं. पुढाऱ्यांचा मला काही फार पुळका नाही. फोटोपुरते येणारेही पाहिलेत. पण दार उघडायला लावणारा माणूस आणि स्टेजवरचा माणूस वेगळे असतात, तो हुडकावा लागतो.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमुळंच सुचली. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि प्रशासक आला. निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 ला. म्हणजे दुसऱ्या लाटेत, बेडसाठी रात्री दोनला फोन करायची वेळ आली तेव्हा, पेठेला नगरसेवकच नव्हता. आम्ही 'माजी'ला फोन लावले. काही माजी धावलेही. पण कुणाला जाब विचारायचा हे कळत नव्हतं आणि आपलं कुणी ऐकतंय का हेही नाही. गुजरीतल्या त्या माडीवर लोक वर्षानुवर्षं तसेच राहतात. इथं मत नाही, कार्ड नाही, फोन लावायला माजीसुद्धा नाही. ते 'पुढं येत नाहीत' असं आपण म्हणतो, ते नेमकं कुठं यायचं?

त्या पावसाळ्यात आम्ही दोनशे पानी वही केली होती. कुठल्या खोलीत किती जण, बोलतात काय, कामावरून सुटतात कधी, कुणाला फोन केला की दार उघडतं. परवा मेसेज वाचल्यावर तालमीच्या कपाटातून ती काढली, कडेनं वाळवी लागलीय. पहिल्या पानावरचे सात नंबर लावून बघितले. दोन लागले. त्यातला एक तो व्हॉइस मेसेजवाला पोरगा निघाला, आता त्याच बोळात स्वतःचं काम घेतलंय. खोल्या बदलल्यात म्हणाला, रविवारी या, नवीन नंबर लिहून देतो.