मॅजिकल गर्लच्या जागी मुलगा: नुसता फ्रॉक चढवून भागत नाही

मॅजिकल गर्ल अ‍ॅनिमेत, म्हणजे साधी मुलगी जादूच्या शक्तीने, बहुधा रूप बदलून, लढते अशा जपानी कार्टून मालिकांत, मुलगा नायक ठेवायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात दोनच चित्रं येतात. एक म्हणजे गुलाबी फ्रॉकमधला पिळदार पैलवान. सगळे हसले की विषय संपला. दुसरं म्हणजे काळा लांब कोट, हातात तलवार आणि डोळ्यांत सूड. पहिल्यात टिंगल आहे, आणि दुसऱ्यात मॅजिकल गर्लचं काहीच उरलेलं नाही. माझं मत सरळ आहे: या प्रकाराचे जे नियम मुलींना लागू आहेत ते मुलालाही लावा, एकाही नियमात सूट देऊ नका. मग तो तिथलाच वाटतो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम चेहऱ्याचा. रूप बदलणारे पुरुष नायक जपानमध्ये काही नवे नाहीत. खऱ्या नटांच्या मालिकांपैकी मुखवटाधारी नायकाची कामेन रायडर 1971 ची, रंगीत पोशाखांच्या टीमची सुपर सेन्ताई 1975 पासूनची. पण त्यांचं हेन्शिन, म्हणजे रूपांतर, झालं की चेहरा हेल्मेटच्या आत जातो. त्यात निर्मात्यांची सोयही आहे, कारण आत स्टंटवाला कोणीही असला तरी चालतं. आपला शक्तिमान तर गरगर फिरून बदल लपवूनच टाकायचा. 1992 च्या सेलर मून अ‍ॅनिमेने सेन्ताईकडून टीम घेतली, एकेकीचा रंग घेतला, हेल्मेट मात्र घेतलं नाही. उलट बदल होताना आधी नखं रंगतात, तेही अगदी जवळून दाखवतात. चेहरा शेवटपर्यंत उघडा. त्यामुळे लढता लढता नायिका घाबरली, रडली, चिडली तर ते प्रेक्षकाला दिसतं, आणि कथा त्या दिसण्यावरच चालते.

आता त्याच मालिकेतला टक्सिडो मास्क बघा. डोळ्यांवर मुखवटा, एक गुलाब फेकायचा, दोन वाक्यं ऐकवायची आणि पसार. लोकप्रिय पात्र आहे, पण तो या प्रकारातला पुरुष नायक नव्हे, नायिकेचा मदतनीस आहे. त्याला रूपांतराचा सोहळाच नाही. (सोहळा नसला तरी चालतं, हेही खरं. कार्डकॅप्टर साकुरामध्ये साकुराचं रूपांतर होतच नाही, तिचे कपडे मैत्रीण शिवते. पण तिथे त्या शिवण्याचाच सोहळा आहे.)

रूपांतराच्या तुकड्याला तिकडे ‘बँक’ म्हणतात. एकदा जीव ओतून काढायचा आणि दर आठवड्याला वापरायचा. हिशेब करा: 45 सेकंद, सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 540 चित्रं. एवढा खर्च एकदाच परवडतो, म्हणून पहिल्या वेळी पूर्ण दाखवतात आणि पुढे गरजेप्रमाणे कापून वापरतात. मुलाचा बँक फसतो तो नेमका इथे. आखूड केस, अंगाला बसलेली पँट, मनगटाला चिकटलेली बाही: शरीर थांबलं की चित्रातलं सगळंच थांबतं. मुलीच्या पोशाखात रिबन, झालर, केसांची शेपटी हे सगळं शरीर थांबल्यावरही पाव-अर्धा सेकंद हलत राहतं आणि जादू तिथे जाणवते. म्हणून मुलाला फ्रॉक नको असेल तर नको, पण मागून येणारं काहीतरी द्या. कोटाच्या शेपट्या, खांद्यावरचा अर्धा केप, कमरेची सैल पट्टी, काहीही. एक-दोन ठिकाणी पुरे, सगळीकडे लावलं तर गोंधळ.

दुसरी चूक कॅमेऱ्याची. मुलगा आला की कॅमेरा जमिनीला टेकतो, मागे स्फोट होतो, मुठी आवळल्या जातात. हे सेन्ताईचं व्याकरण. इथे क्रम वेगळा: वस्तू हातात, बोटं, केस, बूट, छातीवरची खूण, मग डोळे, आणि शेवटी पूर्ण आकृती स्वतःचं नाव सांगते. डोळ्यांचा क्लोजअप ‘मुलाला बरा दिसत नाही’ म्हणून गाळलात की हेल्मेट परत आलंच म्हणून समजा.

हे नीट जमलेलं उदाहरण म्हणजे प्रिक्युअर ही मॅजिकल गर्ल मालिका. 2004 पासून चालत आलेली, बहुतेक वर्षी नवी टीम. 2018 च्या हगत्तो प्रिक्युअरमध्ये आन्री हा फिगर स्केटर मुलगा एका भागापुरता क्युअर (रूप बदलून लढणाऱ्यांना या मालिकेत असं म्हणतात) आन्फिनी झाला. पुढे 2023 च्या हिरोगारू स्काय मध्ये त्सुबासा, म्हणजे क्युअर विंग, टीमचा कायमचा सदस्य म्हणून आला. वय 12, रंग केशरी, पोशाखात हाफपँट. मूळचा तो पक्षी, तोही उडता न येणाऱ्या जातीचा, आणि उडायचं म्हणून विमानविद्येची पुस्तकं वाचत बसणारा. एप्रिलमध्ये, नवव्या भागात त्याचं पहिलं रूपांतर आलं. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की त्याला वेगळं ‘मुलांचं’ हत्यार दिलं नाही. मुलींच्या हातात असलेलं स्काय मिराज हेच माइकसारखं साधन त्याच्या हातात आहे, आणि बँकही त्यांच्याइतकाच नटवा आहे. टीमची प्रमुख सोराच राहिली.

हा शेवटचा मुद्दा साधा नाही. मुलींना मधोमध ठेवणारे प्रकार आधीच कमी, त्यात मुलगा आणलात तर तोच मध्ये येऊन उभा राहील, ही शंका रास्त आहे. पाच जणांत एक मुलगा, वयाने लहान आणि नेतृत्वाबाहेर, हे त्यावरचं चांगलं उत्तर. जोडीला प्रेमप्रकरण घुसडलंत तर मात्र सगळी टीम त्याच्याभोवती फिरायला लागते. निदान पहिल्या वर्षी ते टाळावं.

सगळेच मुलगे घ्यायचे तर बिनान कोको चिक्यू बोएइ-बू लव्ह (2015) बघा. पाच शाळकरी मुलं, गुलाबी वोम्बॅट आणि सार्वजनिक स्नानगृह. नायकांची नावं हाकोने, युफुइन, किनुगावा, नारुको, झाओ अशी गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांची. खलनायकांची कुसात्सु, गेरो, आरिमा, म्हणजे त्याहून नामांकित झऱ्यांची. विडंबन आहे, पण पोरं झालरी लावून उभी राहतात तेव्हा विनोद त्यांच्या झालरींवर नसतो, परिस्थितीवर असतो. शिवाय राक्षसाला ठार करत नाहीत. तो एखादा दुखावलेला विद्यार्थीच असतो, त्याला प्रेमाने मूळ रूपात आणतात. विडंबन करतानाही त्यांनी हा नियम मोडलेला नाही.

स्वतःची कथा रचणाऱ्यांनी पहिल्या रूपांतराचं कारण आधी कागदावर एका ओळीत लिहावं. ‘त्यांनी माझ्या गावाचा नाश केला’ असं काही लिहिलं गेलं तर ती ओळ खोडा. राग हे शोनेनचं, म्हणजे मुलग्यांसाठीच्या मारधाडीच्या कथांचं, इंधन; इथे शक्ती येते ती कुणाला तरी वाचवायच्या धडपडीतून किंवा लाज वाटेल इतक्या भाबड्या इच्छेतून. त्सुबासाला उडायचं होतं, बस्स. मग पहिल्या तीन भागांत एक प्रसंग असा घाला की मुलगा हरतो, उघड्या चेहऱ्याने रडतो, आणि एखादी मुलगी येऊन त्याला सोडवते. त्यावर कुणी पात्र हसत नाही, नंतर कुणी चिडवत नाही, तोही पुढच्या भागात हिशेब चुकता करत नाही. हा प्रसंग लिहिताना हात अडखळला तर पोशाख पुन्हा काढत बसू नका, पात्र पुन्हा लिहा.