तीन शेड आणि एक बिटवीन

सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं, त्याचं काही नाही. टँकर, लिफ्ट, पार्किंगची भांडणं, सगळं निस्तरतो. पण इंग्रजीत नोटीस काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि ती इंग्रजीतच काढावी लागते, आमच्याकडे तमिळ, बंगाली, मल्याळी सगळे आहेत.

यावेळी विषय बाहेरच्या रंगाचा. पेंटरने दोन शेड दिल्या, क्रीम आणि आयव्हरी. मी ऐटीत लिहिलं, ‘प्लीज चूज बिटवीन द टू शेड्स’. प्रिंट काढली, शिक्का मारला, बोर्डावर टाचणी टोचतोय तोवर पेंटर तिसरं कार्ड घेऊन हजर, ऑफ व्हाइट. मी तिथल्यातिथे पेनाने टू खोडून थ्री केलं. झालं!

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलंय, रोज सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन बोर्ड वाचतात, पण बातमीसाठी नाही, चुकांसाठी. “अहो सेक्रेटरी, तिसरा आला की बिटवीन गेलं! अमंग लिहा.” अमंग लिहिलं तर मुलगी हसायला लागली, “बाबा, असं कोण बोलतं? सरळ फ्रॉम टाका, दोन असोत नाहीतर वीस.” मला पटलं, पण तोवर दुरुस्तीच्या भरात मी चूजचंच डिसाइड केलेलं, आणि त्याला फ्रॉम काही बसेना. आउट ऑफ लिहून बघितलं तर शाळेतला पेपर आठवला, वीसपैकी सात.

आता आपल्याकडे काय आहे, ‘पैकी’. दोनपैकी, तीनपैकी, दोनशेपैकी, शेपूट लावलं की काम झालं. इंग्रजांनी एवढं राज्य केलं पण एवढी साधी सोय केली नाही. ‘पेक्षा’चं तेच. क्रीमपेक्षा आयव्हरी बरी हे मी आजवर ‘प्रिफर आयव्हरी दॅन क्रीम’ असंच म्हणत आलोय, तिथे ‘टू’ लागतं हे त्याच दिवशी कळलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

रात्री साडेअकराला शोधायला बसलो. तर सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या डिक्शनरीत हाच नियम दिलाय, दोघांना बिटवीन, जास्तींना अमंग, आणि पुढे स्वतःच म्हणतो की हे नेहमी पाळलं जातंच असं नाही. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी तर सांगते की बिटवीन पहिल्यापासूनच दोनाहून जास्तींसाठी वापरलं गेलंय, प्रत्येकाचं सुटं सुटं बघायचं असेल तर ते चालतं. म्हणजे माझी पेनाने खोडलेली नोटीसच बरोबर होती! सकाळी सातला काकांना गाठलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, “जॉन्सन माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.”

शेवटी ‘विच वन?’ एवढंच लिहून खाली तीन चौकोन काढले. सगळ्यांनी टिक केलं. काका मात्र चौकोन सोडून समासात, सुवाच्य अक्षरात लिहून गेले, ‘समथिंग बिटवीन क्रीम अँड आयव्हरी’.

ते वाचून पेंटरने दोन डबे एका बादलीत ओतलेत आणि कधीचा ढवळत उभा आहे.