खर्चाबाबत आदेश नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

मावशी जिंकली. अख्खा दावा नाही, शेजाऱ्याचा निशाणी ५ चा, म्हणजे अंतरिम मनाई मागणारा अर्ज. त्याचं म्हणणं, स्वयंपाकघराची मागची भिंत सामाईक आहे, दाव्याचा निकाल लागेपर्यंत मावशीला त्या भिंतीला हात लावू देऊ नका. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात समन्स आलं, पाठोपाठ 'जैसे थे'चा आदेश. भिंत तेव्हा अर्धी पाडून झाली होती. नागपूरच्या महाल भागातल्या त्या जुन्या घरात माझ्या ७१ वर्षांच्या मावशीने पूर्ण पावसाळा निळ्या ताडपत्रीआड पोळ्या लाटल्या.

आज अर्ज नामंजूर झाला. वकीलसाहेबांनी हसत हसत प्रत हातात दिली. मी आधी शेवटचं पान काढलं. शेवटची ओळ: खर्चाबाबत आदेश नाही.

मावशी बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, "जिंकलो ना रे आपण? मग ते पैसे?"

काय सांगणार होतो मी तिला?

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. हिशेब ठेवायची सवय सुटलेली नाही. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले रकाने. वकील फी २५,०००. अकरा तारखांचा ऑटो, जाऊन-येऊन २४० प्रमाणे, २,६४०. झेरॉक्स, टायपिंग, नोटरी १,८७०. ताडपत्री १,४००, कारण पहिली वादळात फाटली म्हणून दुसरी घ्यावी लागली. एकूण ३०,९१०. मध्ये एका ओळीत 'निंबू पाणी १५' लिहून खोडलंय. का खोडलं विचारलं तर म्हणे, "ते तर मी प्याले. त्यांच्याकडून कसं मागायचं?"

या बाईला आपण सांगतो, आदेश नाही.

अहो, हाही आदेशच झाला की! ज्याला ओढत आणलं त्यानेच आपल्या खिशातून भरावं, असा. फक्त तसं लिहायची कोणाची छाती होत नाही, म्हणून 'नाही' म्हणायचं.

माझा एक वकील मित्र आहे. त्याला फोन करून भांडलो (त्याचा बिचाऱ्याचा काय दोष). त्याने जे सांगितलं त्याने आणखी पेटलो. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५ आहे. हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा त्यातला साधा नियम, आणि तसं करायचं नसेल तर न्यायालयाने कारण लेखी द्यायचं. मी परत आदेश काढून वाचला. भिंत कोणाची यावर चार पानं, खर्च का नाही यावर चार शब्दसुद्धा नाहीत. सुप्रीम कोर्टाने सेलमच्या वकील संघटनेच्या प्रकरणात २००५ मध्येच सांगितलंय की खर्च प्रत्यक्षात झालेला आणि वाजवी असेल तो द्यावा, त्यात पक्षकाराचा गेलेला वेळ आला, प्रवास आला, टायपिंग आलं. म्हणजे मावशीची वहीच झाली ना ही!

खोटा किंवा त्रास द्यायलाच केलेला दावा असेल तर कलम ३५अ खाली भरपाई मिळते. किती? जास्तीत जास्त ३,००० रुपये. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कायद्याने ही मर्यादा काढून टाकली. कंपन्या एकमेकींशी भांडल्या तर मर्यादा नाही, आणि मावशीच्या भिंतीला तीन हजारांचं कुलूप. वा रे वा.

हो, मान्य आहे, खर्चाचा बडगा उगारला तर गरीब माणूस खरी तक्रार घेऊन यायलाही घाबरेल. मग ऐपत बघून आकडा ठरवा, शून्य कायले?

आणि हेही खरं की अंतरिम अर्जावर भिंत कोणाची ते कायमचं ठरत नाही, उद्या साक्षीपुराव्यात शेजारी जिंकूही शकतो. पण ज्या तारखा वाया गेल्या त्या तर परत येणार नाहीत ना! अकरापैकी सहा तारखांना काहीच झालं नाही. एकदा त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा कागद घरी राहिले, एकदा कोणी आलंच नाही. त्या एका तारखेला मात्र कॉस्ट बसली. २०० रुपये. कलम ३५ब १९७६ मध्ये याचसाठी आणलं, समोरच्याला त्या तारखेला हजर राहायला जो खर्च आला तो भरून मिळावा म्हणून. ऑटोलाच २४० लागतात. शेजाऱ्याने पुढच्या तारखेला दोनशेची नोट काढून दिली, मावशीने ती घेतली आणि वहीत 'जमा' असा नवा रकाना पाडला. त्या रकान्यात आजवर ती एकच नोंद आहे.

ज्यांच्याकडून आपण ही संहिता उचलली, त्या इंग्लंडात एका दिवसात आटपणाऱ्या सुनावणीचा खर्च साधारणपणे न्यायाधीश तिथल्या तिथे ठरवून टाकतात, आणि तो १४ दिवसांत भरायचा असतो. सगळा दावा संपायची वाट बघत नाहीत. आपण कलमं घेतली, ही सवय घ्यायची विसरलो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. शेजाऱ्यावर तर आता तेवढा नाहीच. त्याला ठाऊक होतं की हरलो तरी आपल्या खिशाला काही लागत नाही. उद्या मलाही कोणी सांगितलं की फुकटात सहा महिने समोरच्याला नाचवता येतं, तर मी नाही म्हणेन याची खात्री... जाऊ दे.

संध्याकाळी बर्डीवरून पेढे नेले. ताडपत्री तशीच होती. वकीलसाहेब म्हणालेत, त्यांना अपिलात जायला ३० दिवस आहेत, तोवर गवंडी बोलावू नका. मावशी ओट्यापाशी वही घेऊन बसली होती. नवीन पान काढलं होतं. वर 'मुख्य दावा' लिहून खाली पट्टीने रकाने आखणं चाललं होतं, आणि 'जमा'चा रकाना या वेळी तिने अगदी अरुंद ठेवला होता.