हेमेनवे पार्कची हिरवळ राहू द्या

वाळवंटी गावांनी पाणी वाचवायला बागांतली हिरवळ काढून टाकावी, हे एका लेखातलं मत सरसकट पटत नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लेक मीड तलावाजवळच्या बोल्डर सिटी गावात, हेमेनवे पार्कमध्ये डोंगरावरून रानमेंढ्या चरायला उतरतात. वळलेल्या शिंगांचा एक नर आमच्यापासून वीसेक पावलांवर होता. गवत तोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. आई श्वास रोखून बघत राहिली. पाण्याची काळजी खरीच आहे. पाणी खाली गेल्याने तलावाच्या कड्यांवर उघडा पडलेला पांढरा पट्टा बघून पोटात गोळा येतो. पण नेवाडाच्या २०२१च्या कायद्याचा रोख दुभाजकांवरच्या, कुणी वापरत नसलेल्या शोभेच्या गवतावर आहे, उद्यानांवर नाही. ते गवत जरूर काढा. हेमेनवेसारख्या बागांना मात्र हात लावू नका. उन्हाळ्यात पोरांनी खेळायचं कुठे?