दुपटी धुवायची कुणी?

पुण्यातल्या माझ्या मामेबहिणीला बाळ झालं आणि घरात जुनाच वाद नव्याने पेटला: दुपटी की डायपर? मावशी-आत्यांचं म्हणणं, डायपरने बाळाचे पाय फेंगडे होतात, अंगाला वारा लागत नाही, आमची मुलं काय डायपरवर वाढली? बहिणीचं म्हणणं, रात्र रात्र जागरण, त्यात दुपटी धुवायची कुणी? मग घरच्या ग्रुपवर कुणीतरी कचऱ्याच्या डोंगरांचे फोटो टाकले. त्यावर तिच्या नवऱ्याने हुकमाचं पान काढलं. ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याचा अभ्यास आहे म्हणे, कार्बनच्या हिशेबात कापडी काय नि डायपर काय, सारखंच. तेव्हा उगाच आईच्या मनाला टोचणी लावू नका.

मी मँचेस्टरला राहते. माझी दोन्ही मुलं इथे कापडी लंगोटांवरच वाढली. त्या अभ्यासाचं नाव पुण्यातल्या वादात आलेलं पाहून मला राहवलं नाही.

अभ्यास खरा आहे. २००५ साली तो पहिल्यांदा झाला आणि २००८ मध्ये सुधारून काढला. एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशेब: डायपरचे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, कापडी लंगोटांचे ५७०. पण हा आकडा कापडाचा नव्हे, धुण्याचा आहे. इंग्लंडात कपडे धुवायचे म्हणजे मशीन, तापवलेलं पाणी आणि अनेक घरांत वाळवायला विजेचा ड्रायर. त्याच अहवालात पुढे लिहिलंय की लंगोट बाहेर दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर सुमारे २०० किलो वाचतात. प्रत्येक वेळी ड्रायर लावला, तर डायपर परवडला म्हणायची पाळी येते. २०२३ मध्ये इथल्या सरकारने नवा हिशेब मांडला, त्यात कापडी लंगोट सुमारे पंचवीस टक्क्यांनी उजवे ठरले. वाद घालताना जुना आकडा पुढे येतो, नवा येत नाही.

आता हाच हिशेब पुण्यात मांडा. वर्षातले निदान आठ महिने कडकडीत ऊन. सुती दुपटं गच्चीवर तासा-दोन तासांत खडखडीत वाळतं. ड्रायर कुणाकडे आहे? मँचेस्टरच्या घरांवर बेतलेला निष्कर्ष कोथरूडच्या घराला लावणं चूक आहे, आणि ते मी मँचेस्टरमध्ये बसून सांगते आहे.

इथलं धुणं कसं असतं ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे. वापरलेला लंगोट भिजत घालायचा नाही. घट्ट झाकणाच्या बादलीत जाळीची पिशवी असते, शी संडासात झटकून लंगोट त्या पिशवीत टाकायचा. दिवसाआड पिशवी उचलून तशीच मशीनमध्ये. आधी गार पाण्याचा एक फेरा, मग साठ अंशांवर पूर्ण धुणं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य अजिबात घालायचं नाही, त्याने कापडावर थर बसतो आणि ते पाणी शोषेनासं होतं. दुकानात बांबूच्या जाड पट्ट्यांचे, आतून शिवलेले, बाहेरून रंगीत चित्रांचे लंगोट मिळतात. दिसायला गोड, पण नोव्हेंबरात ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. खोलीत स्टँडवर ओले कपडे टांगले की काचा घामेजतात आणि खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. शेवटी कामाला आला तो टर्किश टॉवेलच्या कापडाचा साधा चौकोनी लंगोट. तिकोनी घडी घालायची, तीन दातांच्या रबरी पकडीने अडकवायचा, वरून पाणी न झिरपणारी चड्डी. उलगडला की एकपदरी होतो, म्हणून पटकन वाळतो. माझ्या बाळंतपणाला आलेल्या आईने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं दुपटंच."

इथे हे जमतं, कारण आजूबाजूला व्यवस्था आहे. आमच्या भागात लंगोटांची लायब्ररी आहे. तिथून वेगवेगळे लंगोट उसने आणायचे, महिनाभर वापरून पाहायचे आणि मग ठरवायचं. लंडनच्या बऱ्याच भागांत स्थानिक कौन्सिल कापडी लंगोटांसाठी व्हाउचर देतं, कारण घरटी कचरा कमी झाला की त्यांचाच खर्च वाचतो. पाळणाघरात विचारलं तर कापडी लंगोट घ्यायला बहुतेक जण तयार होतात. पुण्यात माझ्या बहिणीला आधीच कळवलंय, पाळणाघरात बाळ डायपर घालूनच आणायचं.

तरीही या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आमच्या घरी जाळीची पिशवी नवरा उचलायचा. मी दूध पाजायचे, तो लंगोट धुवायचा, असं सरळ वाटप होतं. ते नसतं तर मीही दुसऱ्या आठवड्यात डायपर आणले असते आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नसतं.

माझ्या घरच्या वादात मला खुपतं ते हेच. दुपट्यांचे गोडवे गाणाऱ्यांत धुणारे फार थोडे असतात. आमच्या लहानपणी दुपटी धुतली आईने, आजीने आणि मोरीत बसून धुणं-भांडी करणाऱ्या बाईंनी. पावसाळ्यात ती वाळायची नाहीत म्हणून शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून त्यावर एकेक दुपटं पसरायचं, करपू नये म्हणून सतत परतायचं. आजी हे काम पहाटे करायची. त्या ऊबदार, धुरी दिलेल्या दुपट्यांचा वास आम्हा सगळ्यांच्या आठवणीत आहे, पण त्यामागचं जागरण कुणाच्या आठवणीत नाही. बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही, असं बजावणारी घरंच तिला दुपटी वापर म्हणतात. मग धुवायची कुणी? सासूबाईंचे गुडघे दुखतात. कामाच्या मावशी शीचे कपडे धुवायला नाही म्हणतात, आणि त्यांचं काहीही चूक नाही. उरतो बाळाचा बाप. त्याला आपल्याकडे खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसाचीही पितृत्व रजा नाही. इथेही दोनच आठवडे मिळतात, पण ते दोन आठवडे सवय लावायला पुरतात.

पायांचं म्हणाल तर, जन्मतः सगळ्याच बाळांचे पाय थोडे बाहेर वाकलेले असतात आणि चालायला लागल्यावर हळूहळू सरळ होतात. डायपरचा त्याच्याशी संबंध नाही. बायकांना घाबरवून दुपटी वापरायला लावू नये.

पण मग डायपर वापरावेत आणि विषय संपवावा, असंही मला म्हणता येत नाही. कारण पुण्यात डायपर बादलीत टाकला की तो नाहीसा होत नाही. इथे काळी पिशवी ट्रकमध्ये जाते आणि बहुतेक ठिकाणी पुढे भट्टीत जळते, तिला माणसाचा हात लागत नाही. पुण्यात दारोदार कचरा गोळा करतात त्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद, तीन हजारांहून अधिक कचरावेचक, त्यांत बहुतेक बायका. ओला-सुका कचरा त्या हाताने निवडतात. सुक्या कचऱ्यात सोडून दिलेला, उघडा, रात्रभर आंबलेला डायपर त्यांच्या बोटांना लागतो. डायपरच्या आत द्रव धरून ठेवणारी रसायनाची भुकटी असते, फुगलेला डायपर हातात जड लागतो आणि फाटला की त्याचा चिकट लगदा सगळ्या कागद-प्लास्टिकला बरबटतो. मग तो सुका माल भंगारात विकला जात नाही, म्हणजे तिची त्या दिवसाची कमाई बुडते. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता ओळखता येतील, अशी मोहीम या बायकांनी कित्येक वर्षं चालवली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर डायपर बनवणाऱ्यांवरच जबाबदारी टाकली की पाकिटासोबत गुंडाळायला पिशवी द्या. आपल्यातल्या किती जणांनी ती पिशवी दुकानात मागून घेतली?

म्हणजे दुपटं असो की डायपर, शेवटी एका बाईचाच हात त्यात आहे. फरक इतकाच की एक घरातली आहे आणि दुसरी दारात येते. आमच्या ग्रुपवर पहिलीची कणव पुष्कळ झाली, दुसरीचं नाव एकदाही निघालं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बाळांच्या डायपरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. आईबापांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण डायपर उचलणारीला हातमोजे कुठून यायचे? वेल्समध्ये कित्येक ठिकाणी डायपर वेगळे गोळा करतात, आणि तिथल्या ए४८७ रस्त्याच्या एका तुकड्याच्या डांबरात लाखाहून अधिक डायपरांचा लगदा मिसळून पाहिला आहे. तेवढं आपल्याकडे उद्या होणार नाही हे मला कळतं, पण वेगळं गोळा करणं आणि त्याचे वेगळे पैसे देणं आजही जमण्यासारखं आहे.

बहिणीला मी फोनवर सांगितलं ते असं. दिवसा घरी असताना दुपटी, जुन्या सुती साडीची, चौकोनी, चांगली पंचवीस-तीस. रात्री आणि बाहेर जाताना डायपर. पिशवी उचलायचं आणि मशीन लावायचं काम पूर्णपणे नवऱ्याचं, मदत म्हणून नव्हे, त्याचं स्वतःचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, नवरा तयार आहे. पण वाळत कुठे घालू? बाल्कनीत कपडे दिसले की सोसायटीची नोटीस येते, आणि गच्चीला कुलूप आहे."

एवढं ऊन असलेल्या शहरात गच्चीला कुलूप! तिच्या सोसायटीत जिम आहे, पोहण्याचा तलाव आहे, कपडे वाळवायला जागा नाही. तिचा नवरा पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर दोऱ्या बांधायचा ठराव मांडणार आहे आणि इमारतीतल्या इतर बापांच्या सह्या गोळा करतो आहे. डायपरसाठी वेगळी बादली आणि कचरा नेणाऱ्या ताईंना त्याचे महिन्याचे वेगळे पैसे, हे दोन मुद्देही त्याच ठरावात घाल, असं मी त्याला लिहिलं आहे.