गोष्टीतला पोलीस, गोष्टीबाहेरची आशाताई
बोस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये एक बदकीण आणि तिच्या आठ पिल्लांची ब्राँझची रांग आहे. 1987 साली बसवलेलं हे शिल्प रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या 1941 च्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ या पुस्तकावरचं. त्यातला मायकेल नावाचा पोलीस शिट्टी फुंकत भरधाव गाड्या थांबवतो, बदकांना रस्ता ओलांडून देतो आणि पुढच्या रस्त्यासाठी फोन करून आणखी पोलीस मागवतो. ही गोष्ट ऐकणाऱ्या तिथल्या मुलाला सरकार पहिल्यांदा भेटतं ते असं, दुबळ्यासाठी धावणारं.

आपल्याकडे पहिली भेट ‘जेव, नाहीतर पोलीस घेऊन जाईल’ अशी होते. दुसरी थेट कलेक्टरशी. दुकानांत अधिकाऱ्यांच्या यशकथा मुलांसाठी ओळीने मांडलेल्या असतात. त्यांत गरिबी असते, अभ्यास असतो, निकालाचा दिवस असतो. खुर्चीत बसल्यावर तो माणूस दिवसभर काय करतो, याला जेमतेम एखादं पान. तलाठी, वायरमन, आशाताई तर क्वचितच दिसतात. मला हे फार खटकतं. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने हक्क आहे. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला तो मागायचं सुचणार कुठून?

अमेरिकेचंही सगळं उचलण्याजोगं नाही. विल्यम स्टाइग यांच्या 1969 च्या ‘सिल्व्हेस्टर अँड द मॅजिक पेबल’मध्ये सगळी पात्रं प्राणी आहेत; पोलीस डुकरं आहेत, आणि चांगली वागतात. तरी 1977 मध्ये इलिनॉयच्या पोलीस संघटनेने ते पुस्तक ग्रंथालयांतून काढायचा आग्रह धरला. मुलांसमोर फक्त आरती हवी, हा हट्ट घातक आहे, आणि तो टिकतही नाही. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्व केंटकीच्या गरीब डोंगराळ भागातल्या मुलांचं राष्ट्राध्यक्षांबद्दलचं मत इतर ठिकाणच्या मुलांपेक्षा खूपच वाईट निघालं. मूल घरातलं, दारातलं पाहतच असतं.

म्हणून मराठीत खरी पुस्तकं हवीत. लेखक आणि चित्रकारांनी एखाद्या आशाताईबरोबर दिवसभर फिरावं. तिची वही, तिने ओलांडलेला ओढा, बाळाचं वजन करताना घरच्यांशी होणारं बोलणं, सगळं चित्रांत यावं. तिचं थकलेलं मानधन आणि ‘उद्या या’ म्हणणारा कारकूनही त्याच पुस्तकात असावा.