नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका
'एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत असलं की निर्धास्त राहा' हे कोलेस्टेरॉलवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. त्या बेरजेत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉलही धरलेलं असतं. धमनीच्या भिंतीत शिरून साचतं ते मुख्यतः एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आणि ते किती वर्षं वाढलेलं राहिलं यालाही तेवढंच महत्त्व. एकूणातून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल, म्हणजे एलडीएलसकट धमन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल मिळतं. रिपोर्टात दिलं नसेल तरी ही वजाबाकी कुणालाही जमेल, आणि त्यासाठी उपाशीपोटीच रक्त द्यायला हवं असंही नाही.

'चांगलं' जास्त म्हणून बाकी सगळं माफ, असंही नसतं बरं का. एचडीएल भरपूर वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची मोठी चाचणी २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या रक्तदाब, मधुमेह, सिगारेट यांचा तर लेखात साधा उल्लेखही नाही!